एकच टॉवर, तीन पाट्या

परवा टीव्हीवर आमच्या कंपनीचे मालक कोर्टाच्या पायऱ्या उतरताना दाखवले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, काळा चष्मा, दोन बाजूंना दोन वकील. लग्नाला निघाल्यासारखे हसत होते. माईक पुढं आला तसे म्हणाले, "खालच्या लोकांनी आमची दिशाभूल केली."

खालचे लोक! मी भाकरी थापत होते. तव्यावरची तशीच राहिली. अहो, खालचे म्हणजे कोण? जळोचीत दोन खोल्यांत राहणारी, स्कूटीवर डबा अडकवून ऑफिसला जाणारी मी? मी तुमची दिशाभूल केली? तुमच्या मुंबईच्या ऑफिसचं दारसुद्धा मी कधी पाहिलं नाही. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, भाकरी करपली!" करपू दे म्हटलं. असल्या माणसापायी एक भाकरी करपली तर काय मोठंसं.

हे लिहायला बसले ती त्या रागातच. आठवणी लिहिताना माणसानं शांत असावं म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी असावं. माझी सही तीन दाखल्यांवर आहे, त्यातले दोन दाखले धडधडीत खोटे आहेत, आणि त्या सहीपायी मी एकटी तुरुंगात जायची वेळ आली होती. मी शांत नाही.

त्या मोबाईल कंपनीच्या बारामतीच्या ऑफिसात मी हिशेब बघायचे. भिगवण रोडला, टायरच्या दुकानाच्या वरचा मजला. बी.कॉम. झाल्या झाल्या लागले आणि लग्नानंतरही नोकरी टिकवली. बारामती आणि इंदापूर, दोन तालुक्यांतले टॉवर आमच्याकडं. त्यांचं डिझेल, दुरुस्ती, वीज, जागेचं भाडं, सगळी बिलं कॉम्प्युटरवर चढवायची, हे माझं काम.

सुरुवातीला सगळं सरळ होतं. मग वरून फोन यायला लागले. डिझेलचं बिल 'डिझेल' म्हणून चढवू नका, 'नवीन टॉवरचं काम' म्हणून चढवा. दुरुस्तीही 'नवीन काम'. वॉचमनचा पगारही 'नवीन काम'. ज्यांना हिशेबातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही म्हशीला पेंड घातली. म्हशीनं खाल्ली, विषय संपला. आता वहीत पेंड लिहायचीच नाही. त्या जागी लिहायचं, 'नवीन म्हैस घेतली.' वर्षाच्या शेवटी गोठ्यात म्हैस एकच, वहीत मात्र डझनभर. मग ती वही काखेत मारून बँकेत जायचं आणि म्हणायचं, बघा आमचा गोठा कसा भरलाय, द्या अजून कर्ज. कंपनीनं एवढंच केलं. आणि सूटबूट घातलेल्या शहाण्यांनी माना डोलावल्या, पेपरात फोटो आले, कंपनी देशात पुढं निघाली म्हणे! वहीतली म्हैस दूध देत नाही, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोराला कळतं.

मला कळत नव्हतं असं नाही. मी एकदा विचारलंही होतं. आमचे साहेब, म्हणजे दोन्ही तालुक्यांचे मॅनेजर, इंदापूरचेच. आपल्याच भागातला माणूस, ईदला शीरखुर्मा खायला घरी येणारा. मी म्हटलं, "साहेब, डिझेल तर जळून गेलं. ते मालमत्तेत कसं दाखवायचं?"

साहेब हसले. "ताई, तुम्ही चढवा हो. विचार करायला वर मोठ्या पगाराची माणसं बसवलीत."

मी चढवलं. बारामतीत बी.कॉम. पोरी पोत्यानं सापडतात, आणि मला नोकरी हवी होती. त्या दिवाळीला मला 'उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. कंपनी बंद पडली, ते मेलं घड्याळ अजून चालतंय.

आता अब्बांचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय हे सगळं अर्धवट आहे.

अब्बा कन्हेरीला राहतात. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या गेटवर गेली. उसाची गाडी आली की नंबर लिही, वेळ लिही, गाडी बाहेर पडली की पुन्हा वेळ लिही. ऐन हंगामात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची आणि जो तो आपला नंबर पुढं घ्या म्हणून मागं लागायचा. एकदा एका बड्या माणसाच्या पाहुण्याचा ट्रॅक्टर उशिरा आला आणि वरून निरोप आला, वेळ दोन तास आधीची टाका. अब्बा म्हणाले, "गाडी जवा आली तवाच आली. माझ्या हातानं ती आधी कशी यील?" एक हंगाम त्यांना मागच्या गेटवर बसवलं, जिथं मळीचे टँकर सोडून काही येत नव्हतं. अब्बांनी तिथंही टँकर लिहिले. आमच्या घरात त्यांचं एकच वाक्य सारखं ऐकू यायचं. "नोंद म्हंजे नोंद."

निवृत्त झाल्यावर माणूस पार कोमेजला होता. तेवढ्यात आमच्या रानाच्या कोपऱ्यावर कंपनीचा टॉवर आला. खरं तर तो तिथं यायला नको होता. कंपनीचा नियम होता, नोकरीतल्या माणसाच्या नातेवाइकाची जागा घ्यायची नाही. पण साहेबांना रस्त्याकडेची ती जागा पसंत पडली. म्हणाले, "तुमचं नाव सासरचं, चाचांचं वेगळं. कागदावर कुठं दिसतंय? फक्त बोलू नका." मी बोलले नाही. अब्बांना तर नियमाबद्दल सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी जागाच दिली नसती.

टॉवर उभा राहिला आणि अब्बांना पुन्हा गेट मिळालं. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी लिंबाखाली खुर्ची टाकली, एक लांबट वही आणली, पट्टीनं रकाने पाडले. तारीख, गाडी नंबर, कोण आलं, आत, बाहेर, शेरा. गावातले टिंगल करायचे. "चाचा, टॉवरला कोण येतंय? डिझेलवाला आन् कुत्री." अब्बा हसायचे आणि लिहायचे. त्या वहीत एक नोंद मी स्वतः वाचलीय. 'शेळी, शेजारची. आत सव्वाअकरा. बाहेर साडेअकरा. शेरा: हाकलावी लागली.' मी पोट धरून हसले होते. तेव्हा हसायला येत होतं.

मग मुंबईहून ऑडिटर आला. बँकांना म्हणे खात्री पाहिजे होती की टॉवर खरोखर उभे आहेत. यादीत आमच्याकडचे तीन आले. एक कन्हेरीचा, एक सांगवीचा, एक इंदापूरकडचा. कन्हेरीचा खरा. सांगवीला नुसता खड्डा खणलेला, त्यात पाणी साचून बेडकं झालेली. आणि इंदापूरकडच्या जागेवर तर खड्डाही नव्हता, होता फक्त सातबाऱ्याचा झेरॉक्स.

सकाळी ऑडिटरला घ्यायला जाण्याआधी साहेबांनी मला गाडीत बसवलं आणि हातात 'टॉवर जागेवर उभा आहे' असे तीन कोरे दाखले दिले. "प्रत्येक ठिकाणी गेलो की एकावर सही करायची. बाकी मी बघतो." पायाशी पिशवी होती, त्यात पत्र्याच्या दोन पाट्या आणि पाना. टॉवरच्या कुंपणावर जागेच्या नंबराची पाटी असते ना, तसल्या. म्हटलं, "साहेब, तिन्ही ठिकाणी कन्हेरीचाच टॉवर?"

"मुंबईच्या माणसाला काय कळतंय? सगळीकडं ऊसच ऊस."

तुरे आलेला ऊस होता, डोक्याच्या वर. खरंच, आत शिरलं की सगळे रस्ते सारखे. पण ऊस सारखा असला तरी माणसं सारखी नसतात, एवढं तर त्या मुंबईकराला दिसत होतं की नाही? दिसत होतं. पुढं सांगते.

सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही कन्हेरीला पोचलो. अब्बांनी पाहुणे म्हणून आधी पाणी दिलं, मग चहा. साहेब म्हणाले, "हे जागामालक. चाचा." अब्बांनी माझ्यापुढं कप धरला आणि म्हणाले, "तू घे की." मी वर न बघता कप घेतला. अब्बांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, साहेबांकडं एकदा पाहिलं, आणि जाऊन वहीत गाडीचा नंबर लिहिला. कामाच्या गडबडीत असेल, असं त्यांना वाटलं असावं. ऑडिटरनं फोटो काढला. मी पहिल्या दाखल्यावर सही केली. ती खरी होती.

मग सांगवीच्या वाटेला लागायचं सोंग केलं, फिरलो, आणि कालव्याच्या रस्त्यानं मागच्या बाजूनं परत तिथंच. साहेबांनी उतरून सांगवीच्या नंबराची पाटी लावली. ऑडिटर गाडीतच बसला. काच खाली केली, फोटो काढला, काच वर केली. दुसरी सही.

जेवायला इंदापूर रस्त्याच्या एका हॉटेलात नेलं. उजनीचे मासे, बाजरीची भाकरी, वर ताक. आमच्याकडं पाहुण्याला पोटभर खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत, हे खरं आहे, आणि त्याच पाहुणचाराचा असा उपयोग करणाऱ्याला काय म्हणावं? ऑडिटरनं दोनदा रस्सा मागितला आणि गाडीत बसल्या बसल्या घोरायला लागला. इंदापूरच्या दिशेनं बरंच पुढं जाऊन गाडी वळवली. दुपार कलल्यावर तिसऱ्यांदा तोच टॉवर, यावेळी जळोचीकडून आत शिरून.

साहेब पाटी बदलत होते. अब्बा लिंबाखालून उठले आणि वही काखेत धरून सरळ गाडीच्या काचेशी आले. काच खाली होती. त्यांनी वाकून विचारलं, अगदी अदबीनं, "साहेब, काय इसरलं का? सकाळधरनं तिसरी खेप हाय तुमची."

ऑडिटरनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत जराही आश्चर्य नव्हतं. त्याला पहिल्यापासून माहीत होतं. फोटोबरोबर जागा कुठली ते फोनमध्ये नोंदलं जातं, ती सोयसुद्धा त्यानं आधीच बंद केली होती, हे पुढं चौकशीत निघालं. तो झोपलेला नव्हता, मेला झोपेचं सोंग घेऊन बसला होता. आणि आता तो बघत होता की ही बाई काय बोलते.

मी बोलले. मी माझ्या बापाला म्हणाले, "ओ चाचा, तुम्ही बाजूला व्हा बरं. कामात मध्ये मध्ये करू नका."

चाचा. सगळं गाव म्हणतं तसं. मी जन्मात त्यांना कधी त्या नावानं हाक मारली नव्हती.

अब्बा बाजूला झाले. मी तिसऱ्या दाखल्यावर सही केली, आणि सही करताना माझा हात कापलासुद्धा नाही. त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

त्या संध्याकाळी मी कन्हेरीला न जाता थेट जळोचीला घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांचा फोन आला. वाटलं, आता बोलणार. पण ते म्हणाले, "तिसऱ्या खेपंला गाडीच्या नंबरावर चिखल व्हता. शेवटचे दोन आकडं दिसलं न्हाईत. तेवढं सांग."

"अब्बा, गाडी तीच होती ना!"

"असंल. पर मी बघिटलं न्हाय, तर अंदाजानं कसं लिवू?"

मी चिडून नंबर सांगितला आणि फोन ठेवला. बाकी एक अक्षर ते बोलले नाहीत, मीही नाही. त्यानंतर दर जुम्म्याला मी कन्हेरीला जात होते, जेवत होते, त्यांच्या औषधांच्या गोळ्या डबीत भरून देत होते. तो विषय आमच्या दोघांच्या मध्ये बसलेला असायचा आणि आम्ही दोघं त्याला ओलांडून आमटी वाढायचो.

वहीतल्या म्हशी किती दिवस पुरणार? एके सकाळी दोन्ही तालुक्यांतले कंपनीचे फोन एकदम मेले. आधी वाटलं लाईट गेली असेल. मग टीव्हीवर पट्टी आली, बँकांनी हात वर केले, हिशेबात घोटाळा, कंपनी बुडाली. पुढच्या महिन्यापासून पगार नाही, ऑफिसला कुलूप. आणि लोक? लोक मला ओळखत होते, मालकाला नाही. डेअरीच्या दुधाचा मेसेज येईना, गॅसचा नंबर लागेना, पेन्शनवाल्यांना बँकेचा आकडा येईना. जळोचीची एक म्हातारी रोज माझ्या दारात यायची. तिचा लेक आखातात, त्याच्याकडं एवढा एकच नंबर. "माझा तेवढा चालू कर गं बाई. त्यो फोन करीत आसंल." तिला काय सांगू? की तुझा नंबर मुंबईतल्या कुणाच्या तरी बंगल्यात गेला? मी तिला दुसरं सिम घेऊन दिलं, पण लेकाला नवा नंबर कळवणार कसा? दोन महिने लागले.

आमच्या साहेबांचा फोन बंद. नंतर कळलं, छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात. यांच्या छात्या बरोबर चौकशीच्या वेळी दुखतात.

पुण्याहून चौकशीसाठी एक मॅडम आल्या. बारामतीच्या विश्रामगृहात त्यांनी मला बोलावलं. चाळिशीच्या, शांत, एकदाही आवाज न चढवणाऱ्या. तीन दाखले टेबलावर मांडले. "सही तुमची?"

"माझी."

"मॅनेजर म्हणतात, त्या दिवशी ते रजेवर होते. ऑडिटर म्हणतात, तुम्ही एकटीनं त्यांना तीन वेगवेगळ्या जागी नेलं. ड्रायव्हर कंत्राटी होता, त्याचा पत्ता नाही."

मी उभी पेटले. रजेवर! पाना घेऊन पाट्या फिरवणारा माणूस रजेवर! मी ओरडले, रडले, शीरखुर्म्यापासून सगळं बडबडले. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला तुमचं खरं वाटतंय. पण माझ्या वाटण्यावर काही चालत नाही. साहेब गाडीत होते, आणि तिन्ही वेळा टॉवर एकच होता, हे सांगणारं कुणी आहे? कुणी परकं बघा. घरातल्या माणसाची साक्ष त्यांचे वकील एका मिनिटात उडवतील."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. मी काही संन्यासी नव्हते, सह्या मीच केल्या होत्या. पण चोर तर सुटत होता ना! मी स्कूटी काढली आणि तशीच कन्हेरीला गेले.

अब्बा लिंबाखालीच होते. टॉवर बंद होऊन महिने झाले होते, डिझेलवाला येत नव्हता, तरी खुर्ची होती आणि वही होती. मी सगळं सांगितलं. परकं माणूस पाहिजे, हेही सांगितलं. म्हटलं, "वही द्या. त्यात साहेबांचं नाव आहे ना?"

"हाय. तिन्ही टायमाला हाय."

"मग द्या."

अब्बांनी वही मांडीवर उलटी ठेवली. "मी त्या दिवसाची नक्कल करून देतो. सुवाच्य अक्षरात. ह्यात खाडाखोड हाय."

माझा विश्वास बसेना. आयुष्यभर नोंद म्हंजे नोंद म्हणणारा माणूस, आणि नक्कल? "नक्कल कोण विचारतंय अब्बा? मूळ वही पाहिजे!"

"त्यात तुझं बी नाव हाय."

"असू दे! मी गेले होते तर असणारच!"

"नक्कल घेऊन जा, ऐक माझं."

माझा तोल गेला. सगळ्यांवरचा राग मी त्यांच्यावर काढला. म्हटलं, कारखान्याच्या बड्या माणसाला घाबरला नाहीत आणि आता म्हातारपणी घाबरता? पोरगी तुरुंगात जाईल तेव्हा तिचीही नोंद करा, आत किती वाजता गेली, बाहेर किती वाजता आली! शेजारचे कुंपणाशी येऊन उभे राहिले. अब्बा उठले, आत गेले, टोपी घातली, वही फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, "चल. मीच येतो."

जाताना स्कूटीवर मागून त्यांनी एकदाच विचारलं, "मॅडम मोठ्यानं वाचत्यात का मनात?" मला वाटलं, म्हातारपणी माणूस काहीही विचारतो. मी स्कूटी दामटली.

मॅडमनी अब्बांना खुर्ची दिली. नाव, गाव लिहून घेतलं. मग माझ्याकडं बोट करून विचारलं, "या बाईंना तुम्ही ओळखता?"

अब्बा म्हणाले, "कंपनीच्या ताई हायेत."

मी चमकून बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. उसाची गाडी दोन तास आधी आली असं लिहायला नकार देणारा माणूस सरकारी अधिकाऱ्यासमोर खोटं बोलला होता, आणि ते किती सहज बोलला! परकं माणूस पाहिजे होतं ना मला. ते परके झाले.

मॅडमनी वही उघडली. पान सापडलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. गाडीचा नंबर तीनदा, आमच्या साहेबांचं पूर्ण नाव तीनदा, 'मुंबईचे साहेब' तीनदा, माझं सासरचं नाव तीनदा. आत, बाहेर, मिनिटासकट. त्या मोठ्यानं वाचत होत्या, शेजारी बसलेला लेखनिक टाईप करत होता. मला वाटलं, उठून नाचावं. जा म्हणावं आता रजेवर!

"शेरा," मॅडम म्हणाल्या. "पहिली खेप, 'चहा दिला.' दुसरी खेप, 'तोच टॉवर. पाटी दुसरी.' तिसरी खेप..." त्या थांबल्या. मग वाचलं, पण हळू. "'तोच टॉवर. पाटी तिसरी. विचारलं. पोरगी चाचा म्हणाली.'"

अब्बा वरच्या पंख्याकडं बघत बसले होते. मला वाटलं होतं, ते वहीतलं माझं नाव लपवतायत. नाव नव्हते लपवत. हा एवढा एक रकाना मी वाचू नये, म्हणून त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा नक्कल करायची तयारी दाखवली होती.

"पोरगी म्हणजे कोण?" मॅडमनी विचारलं.

"ह्याच ताई," अब्बा घाईनं म्हणाले. "गावाकडं आमी समद्यास्नीच पोरगी म्हणतो. आन् मला समदेच चाचा म्हणत्यात. तसं कायबी न्हाय त्यात. म्हातारा माणूस, लिवलं कायतरी."

मॅडमनी मान हलवली. लेखनिकानं टाईप केलं. एवढ्यावर सगळं भागत होतं. परक्या माणसाची वही, पक्का पुरावा, साहेब अडकले, मी सुटले. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची मला सवय होती.

"थांबा," मी म्हणाले. "हे खोटं आहे."

अब्बांनी माझा हात धरला. "ताई, तुमी गप बसा."

"हे माझे अब्बा आहेत. टॉवर आमच्या रानात आहे. कंपनीपासून ते मी लपवलं, आणि त्या दिवशी यांना चाचा म्हणून मीच बाजूला केलं. वकिलांना काय करायचं ते करू दे. हे लिहा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटतं त्या माझ्यावर चिडल्या होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. त्या एका वाक्यानं खटला लांबला. अजून चालू आहे. वही पुराव्यात आहे, साहेब जामिनावर आहेत, आणि मी साक्षीदार की आरोपी, हे अजून ठरायचंय. पण हे सगळं पुढचं. तेव्हा मॅडम अब्बांकडं वळल्या आणि म्हणाल्या, "चाचा, नीट आठवून सांगा. ही तुमची मुलगी?"

अब्बांनी टोपी काढली, पुन्हा घातली. माझा हात त्यांनी सोडला नव्हता.

"लिवा मॅडम," ते म्हणाले. "आज अब्बा म्हणाली ती."